लिंक्डइनवर नोकरी शोधताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी पाच वर्षं क्यूसी (गुणवत्ता तपासणी) केमिस्ट आहे. लिंक्डइनवर खातं आहे, पण तळोजा किंवा तारापूरच्या कंपन्यांकडून कुणीच विचारत नाही. प्रोफाइल सुधारायला घेतलं तर कंपनीत कुणकुण लागेल, अशीही भीती वाटते. काय करावं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी भीतीचं बघू. प्रोफाइलला हात लावण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये 'व्हिजिबिलिटी'त जा आणि प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवण्याचा पर्याय बंद करा. मग प्रोफाइलवरच्या 'ओपन टू' बटनातून नोकरी शोधत असल्याची नोंद करा आणि ती कुणाला दिसावी, तिथे 'रिक्रूटर्स ओन्ली' निवडा. हिरवी पट्टी असलेला फोटो सगळ्या जगाला दिसतो, तो पर्याय तुमच्यासाठी नाही. 'रिक्रूटर्स ओन्ली'मध्ये तुमच्या कंपनीच्या एचआरला नोंद दिसू नये अशी तजवीज असते, पण पूर्ण हमी लिंक्डइनही देत नाही. त्यातून कंपनीचं नाव नुसतं टाइप करून सोडलं असेल तर तुम्ही कुठले कर्मचारी, हे ओळखायला आधारच राहत नाही. म्हणून नाव खाली उघडणाऱ्या यादीतूनच निवडा. बाहेरच्या प्लेसमेंट कन्सल्टंटला मात्र ही नोंद दिसणारच, आणि लोट्यात तोच माणूस चार कंपन्यांचं काम बघत असतो. एवढा धोका गृहीत धरून चाला.

आता विचारणा का येत नाही ते. रिक्रूटर शोधाच्या चौकटीत पद, उपकरण आणि गाव टाकतो : 'क्यूसी केमिस्ट', 'एचपीएलसी', 'नवी मुंबई'. हे शब्द प्रोफाइलवर नसतील तर हात कितीही बसलेला असो, यादीत तुम्ही वर येत नाही. बहुतेकांच्या हेडलाइनमध्ये (नावाखालच्या ओळीत) असतं, 'वर्किंग ॲज केमिस्ट इन केमिकल कंपनी'. यात शोधण्याजोगं काहीच नाही. त्याऐवजी इंग्रजीत असं लिहा : 'क्यूसी केमिस्ट, एपीआय इंटरमिजिएट्स | एचपीएलसी, जीसी, कार्ल फिशर | स्टॅबिलिटी, ओओएस इन्व्हेस्टिगेशन' (एपीआय म्हणजे औषधाचा मूळ घटक, ओओएस म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला निकाल). हेडलाइनला 220 अक्षरांची मुभा असते, पण मोबाइलवर सुरुवातीचा तुकडाच दिसतो. त्यामुळे पद अगदी पुढे हवं. 'हार्डवर्किंग', 'पॅशनेट' यांना इथे जागा देऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ सध्याच्या नोकरीच्या नोंदीवर घालवा. तिथे चार-पाच ओळी पुरतात, पण त्या तुमच्याच कामाच्या हव्यात. एका पाळीत किती नमुने तपासता, कच्चा माल, इन-प्रोसेस की फिनिश्ड? एचपीएलसी कुठल्या सॉफ्टवेअरवर, एम्पॉवर की लॅबसोल्युशन्स? कॅलिब्रेशन स्वतः करता का? ग्राहकाच्या ऑडिटमध्ये तुम्ही कोणती कागदपत्रं दाखवलीत? नुसतं 'ऑडिटचा अनुभव' लिहिलंत, तर मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येतो आणि तिथेच माणूस अडखळतो. उलट ग्राहकांची नावं, प्रोसेसचा रूट (माल बनवण्याच्या पायऱ्या), यील्डचे (हाती येणाऱ्या उत्पादनाचे) आकडे अजिबात लिहू नका. ती कंपनीची गुपितं आहेत, आणि नवीन मालकही हे बारकाईने बघतो.

गावाच्या जागी खोटं 'मुंबई' टाकू नका. प्रोफाइलवर खरं ठिकाण ठेवा आणि 'ओपन टू'मधल्या पसंतीत नवी मुंबई, बोईसर, अंकलेश्वर अशी ठिकाणं घाला.

ओळखींचं म्हणाल, तर कॉलेजच्या पानावर 'ॲलम्नाय' हा भाग उघडा. चिपळूणच्या डीबीजे किंवा रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर कॉलेजमधून बाहेर पडलेले लोक कुठे, कुठल्या कंपनीत आहेत ते गाळून बघता येतं. अडचण अशी, की आपल्याकडची निम्मी मुलं शिक्षणाच्या जागी फक्त 'मुंबई विद्यापीठ' लिहितात, म्हणून ती या यादीत सापडत नाहीत. तुम्ही कॉलेजचं नाव लिहा. मोफत खात्यावरून महिन्याला ओळख जोडण्याच्या मोजक्याच विनंत्यांबरोबर चिठ्ठी जोडता येते. ती अशी वापरा : "नमस्कार सर, मी डीबीजेचा बी.एस्सी. केमिस्ट्री, सध्या लोट्यात क्यूसीत. आपल्या लॅबमध्ये स्टॅबिलिटीचं काम कसं चालतं, ते जाणून घ्यायचं आहे." पहिल्याच चिठ्ठीत नोकरी मागितली की समोरचा गप्प बसतो.

प्रश्न : मुलगा जीपी रेटिंगचा (खलाशाच्या कामाचा) कोर्स करून आला आहे. लिंक्डइनवर एकाने जहाजावर लावतो म्हणून 2 लाख रुपये मागितले. द्यावेत का?
— एक पालक, गुहागर

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. खलाशांची भरती करायला डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना लागतो, आणि परवानाधारकाला खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेता येत नाहीत. 2016 च्या नियमांत हे स्पष्ट आहे. त्या माणसाकडे आरपीएसएल क्रमांक मागा, तो डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावरच्या यादीशी जुळवा, आणि फोन त्या यादीतल्या नंबरवर करा, त्याने दिलेल्या नंबरवर नको. खऱ्या कंपनीचं नाव आणि क्रमांक उचलून फसवणारे बरेच आहेत, म्हणून ही शेवटची पायरी गाळू नका. त्याच्या प्रोफाइलवर 'अबाउट धिस प्रोफाइल' उघडलं की खातं कुठल्या महिन्यात काढलं तेही दिसतं.

मुलाच्या प्रोफाइलवर कोर्स कुठून आणि कधी केला, एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले) कोणते कोर्स झाले, टँकरचा बेसिक कोर्स आहे का, एवढं असू द्या. जहाजावर जाऊन आल्यावर जहाजाचा प्रकार, टनेज आणि सी सर्व्हिस (जहाजावर काढलेला काळ) महिने-दिवसांत लिहावी. सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक), इन्डॉस (खलाशाची सरकारी नोंदणी) आणि पासपोर्टचे क्रमांक किंवा स्कॅन तिथे कधीही चढवू नयेत. 'व्हॅलिड सीडीसी' एवढे दोन शब्द पुरे.

प्रश्न : फोटो कसा असावा?
— मालवण

उत्तर : लग्नातला कापलेला नको. सकाळी पडवीत, उजेडाकडे तोंड करून, मागे साधी भिंत ठेवून मोबाइलवर काढा. निम्म्याहून जास्त चौकट चेहऱ्याने भरू दे. प्लांटच्या आतला फोटो टाळा.

प्रश्न : मुलांसाठी 2019 मध्ये अकाउंट्सची नोकरी सोडली. आता घरून काम हवंय. मधली वर्षं कशी दाखवू?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : अनुभवाच्या भागात 'करिअर ब्रेक' असा वेगळा पर्याय आहे, तो सरळ वापरा. तारखा ओढूनताणून जुळवल्या तर पीएफच्या नोंदीतून उघडं पडतं.

तुमची खरी अडचण ब्रेकची नाही, मधल्या काळात काम बदललं ही आहे. टॅली ईआरपी 9 जाऊन 2020 मध्ये टॅलीप्राइम आलं. जीएसटीआर-2बी (खरेदीवरच्या जीएसटी क्रेडिटचं आपोआप तयार होणारं विवरण) त्याच वर्षी आलं. ई-इन्व्हॉइस ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वरच्या उलाढालीला लागू आहे. ओळखीच्या एखाद्या व्यापाऱ्याचं तीन महिन्यांचं 2बी जुळवणीचं काम करा, मोबदला घेऊनच, आणि ते ब्रेकच्या वरची ताजी नोंद म्हणून लिहा. ठिकाण कुडाळच ठेवा, पसंतीत 'रिमोट' निवडा. हेडलाइन अशी : 'अकाउंटंट | टॅलीप्राइम, जीएसटीआर-1, 3बी, 2बी रिकन्सिलिएशन | रिमोट'. घरून काम देणारा लाइट आणि नेटचं विचारतोच. इन्व्हर्टर असेल तर 'अबाउट'च्या पहिल्या दोन ओळींतच लिहा, कारण 'सी मोअर' न दाबता तेवढंच दिसतं.