हवार बेटे : एका पत्राने झालेला निकाल

प्रश्न : हवार बेटे नकाशावर कतारच्या किनाऱ्याला जवळजवळ टेकलेली दिसतात. तरीही ती बहरीनची कशी? ब्रिटिशांनी मनाला येईल तशी रेघ ओढली, असे समजावे काय? या प्रकरणात मुंबई सरकारचाही हात होता असे वाचनात आले, ते कितपत खरे आहे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे उत्तर त्यातूनच निघते. हवारच्या निकालाशी मुंबई सरकारचा थेट संबंध नाही. मात्र ज्या रिवाजातून तो निकाल आला, त्या रिवाजाशी आहे. आखातातला ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचा तिथला मुख्य प्रतिनिधी, इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर येथे राही आणि १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता. १८६१ च्या करारात बहरीनच्या शेखाने समुद्रावरील युद्धाचा मार्ग सोडून आपल्या तक्रारी रेसिडेंटकडे नेण्याचे कबूल केले. पुढे १८६७ मध्ये बहरीन आणि अबू धाबी यांनी मिळून कतारमधील दोहा व वक्रा ही गावे लुटली, तेव्हा रेसिडेंट लुईस पेली तिकडे गेला आणि १२ सप्टेंबर १८६८ रोजी त्याने दोह्याच्या मुहम्मद बिन थानी यांच्याकडूनही तशाच स्वरूपाचे वचन लिहून घेतले. शेजाऱ्याशी भांडण झाले की तलवारीऐवजी अर्ज करायचा, आणि तोही इंग्रजांकडे, ही सवय तेथे अशी रुजली. शांतता राखण्याच्या नावाखाली न्यायदानाचा मक्ताच इंग्रजांनी आपल्याकडे घेतला, असे मला वाटते.

हवारची बेटे रेताड असून तेथे पाण्याची वानवा आहे. तेल निघेपर्यंत त्यांच्यासाठी कोणी फारसे भांडले नाही. बहरीनमध्ये १९३२ मध्ये तेल सापडले आणि १९३५ मध्ये कतारच्या शेख अब्दुल्ला बिन जासिम यांनी आपल्या प्रदेशातील तेलाचा हक्क अँग्लो-पर्शियन कंपनीला दिला. बेट ज्याचे, त्याच्या कंपनीला तेथे खोदता येणार, हे उघड असल्याने कोणते बेट कोणाचे हा प्रश्न एकाएकी पैशाचा झाला. बहरीनचे इंग्रज सल्लागार चार्ल्स बेलग्रेव्ह यांनी एप्रिल १९३६ मध्ये हवारवर लेखी दावा ठोकला आणि त्याच वर्षीच्या जुलैत लंडनने बहरीनच्या बाजूने प्राथमिक मत बनवलेही. कतारच्या शेखाचे म्हणणे तेव्हा कोणी विचारलेले नव्हते. त्यांची लेखी तक्रार १९३८ च्या मे महिन्यात आली, आणि तोपर्यंत बहरीनची माणसे बेटावर ठाण मांडून बसली होती.

पुढचे काम ह्यू वेटमन या पोलिटिकल एजंटाकडे, म्हणजे रेसिडेंटच्या हाताखालच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे, आले. कतारसाठी तेव्हा वेगळा ब्रिटिश अधिकारी नव्हता. बहरीनमध्ये राहणारा एजंटच दोन्हीकडचे पाही. वेटमन यांनी बहरीनचे उत्तर मागवले, त्यावर कतारचे प्रत्युत्तर घेतले आणि २२ एप्रिल १९३९ रोजी बहरीनला अनुकूल अहवाल दिला. त्यांचा भर बेटावरील दवासिर जमातीची वस्ती आणि तेथे बहरीनने चालवलेला अंमल यांवर होता, तर शेख अब्दुल्ला यांचा भर भूगोलावर. ११ जुलै १९३९ रोजी रेसिडेंट ट्रेंचर्ड फाउल यांनी दोन्ही शेखांना पत्र पाठवून हवार बेटे बहरीनची असल्याचे कळवले. पत्रात कारणे नव्हती. कतारने निषेध नोंदवला, परंतु निर्णय अंतिम आहे, असेच त्यावर उत्तर मिळाले.

म्हणून ‘मनाला येईल तशी रेघ’ हे वर्णन मला नेमके वाटत नाही. १९३९ मध्ये रेघ ओढलीच गेली नाही. समुद्रतळाच्या विभागणीची रेघ पुढे २३ डिसेंबर १९४७ च्या पत्रांनी आली. आक्षेप घ्यायचा तर तो क्रमावर घ्यावा लागेल, कारण मत आधी ठरले आणि चौकशी मागाहून झाली.

गंमत अशी की, हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर हा वाद १९९१ मध्ये कतारनेच नेला. तेथे कतारने आधी दाखल केलेल्या ८२ कागदपत्रांच्या अस्सलपणावर बहरीनने शंका घेतली आणि शेवटी कतारला त्यांचा आधार सोडावा लागला. इतक्या जुन्या वादाच्या कज्जात ही मोठीच नामुष्की. १६ मार्च २००१ च्या निकालात न्यायालयाने हवार १२ विरुद्ध ५ मतांनी बहरीनला दिली. ती मुळात कोणाची होती, या प्रश्नात न्यायालय शिरलेच नाही. १९३९ चे पत्र हा लवादाचा निवाडा नव्हे, हे त्याने मान्य केले. परंतु इंग्रजांनी निर्णय द्यावा याला दोन्ही शेखांची संमती होती, म्हणून तो निर्णय दोघांवर बंधनकारक ठरतो, असे म्हटले. पाच न्यायाधीशांना हे पटले नाही. बहरीनच्या राजघराण्याचे जुने ठाणे असलेले, कतारच्या किनाऱ्यावरील झुबारा मात्र एकमताने कतारकडे राहिले. हवारच्या दक्षिणेचे जनान बेटही कतारला मिळाले, कारण जनान हवारच्या गटात धरलेले नाही, असे इंग्रजांनी १९४७ च्या पत्रातच लिहून ठेवले होते.