नाव काढण्याचे ओझे

"माझ्या मुलाची नेतृत्व विकासाच्या उपक्रमासाठी निवड झाली, तेव्हा आमच्या घरी सणासारखा आनंद होता. आता कार्यक्रमाच्या दिवशी तो अंथरुणातून उठत नाही. आम्हीच त्याच्यावर नको ते ओझे टाकले का?" दक्षिण लंडनमध्ये राहणाऱ्या एका आईचा हा प्रश्न आहे. समुपदेशक म्हणून वेगवेगळ्या शब्दांत तो मी इतरही कृष्णवर्णीय पालकांकडून ऐकला आहे, म्हणून कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकिगत लिहीत आहे.

मुलगा 17 वर्षांचा होता. वस्तीतील कृष्णवर्णीय तरुणांना मार्गदर्शक मिळवून देणाऱ्या एका उपक्रमात तो दीड वर्षापूर्वी दाखल झाला होता. अभ्यासात चांगला आणि बोलण्यात नम्र असल्यामुळे देणगीदारांची बैठक असो, नगरसेवकांची भेट असो की पोलिसांशी संवाद, व्यासपीठावर त्यालाच बसवले जाई. त्याचे अंथरुणातून न उठणे मी प्रथम सभेची भीती समजले आणि श्वासाचे व्यायाम देण्यात तीन भेटी घालवल्या. ती माझी चूक होती. चौथ्या भेटीत त्याने दप्तरातून गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रांचा एक गुंता काढून माझ्यासमोर ठेवला. फिती एकमेकींत अडकलेल्या होत्या आणि प्रत्येक पत्रावर त्याच्या नावाखाली 'युवा नेता' असे छापलेले होते. तो म्हणाला, "यांतल्या एकाही ठिकाणी माझ्या बोलण्याने काही बदलले नाही. पण माझे एक वाक्य चुकले, तर चूक माझ्या एकट्याची राहत नाही."

मुलाने घराण्याचे नाव काढावे, निदान घालवू नये, असे आपण मराठीत सहज म्हणतो. या मुलाकडून घराण्याबरोबर साऱ्या समाजाचे नाव काढण्याची अपेक्षा होती, आणि तीही अशा शहरात, जिथे त्याच्या वयाच्या कृष्णवर्णीय मुलाकडे रस्त्यावर संशयाने पाहिले जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांकडून रस्त्यात झडती घेतली जाण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांमध्ये कितीतरी पट अधिक असल्याचे सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षे दाखवते. याचीही झडती दोनदा झाली होती. आई रात्र रात्र जागेल म्हणून त्याने घरी सांगितले नव्हते. पुढे आम्ही ठरवून, त्याच्याच तोंडून ते आईला सांगितले.

दुसरी गोष्ट त्याने जाता जाता सांगितली, पण माझ्या मते खरी दुखरी जागा तीच होती. दीड वर्षात त्याचे तीन मार्गदर्शक बदलले होते. पहिल्याला नवी नोकरी लागली, दुसऱ्याचे येणे हळूहळू बंद झाले आणि तिसरा त्याच्याशी ओळखपत्रावरचे नाव वाचून बोलत असे. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकलेल्या जोड्यांतील मुलांना सर्वाधिक लाभ झालेला दिसला, तर तीन महिन्यांच्या आत संबंध तुटलेल्या मुलांचा आत्मसन्मान उलट घसरलेला आढळला. मार्गदर्शक नेमताना 'थोडीफार तरी मदत होईल' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते, कारण अर्ध्यावर सोडलेला हात मुलाला आधीपेक्षा एकटे करून जातो.

उपाय मात्र मला त्याच्या आजीच्या बोलण्यात सापडला. आजी मूळची बार्बाडोसची. लंडनच्या बस आणि भुयारी रेल्वेसाठी 1956 पासून त्या बेटावर थेट भरती सुरू झाली, आणि पुढे त्याच भरतीतून ती बस कंडक्टर म्हणून इथे आली. तिच्या थोरल्या मुलाला शाळेने 'मंदबुद्धी' ठरवले. वेस्ट इंडियन मुलांना असे शिक्के मारून वेगळ्या शाळांत ढकलले जात असल्याचे ग्रेनाडाहून आलेले शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांनी 1971 साली एका पुस्तिकेतून उघड केले होते. त्या काळात कृष्णवर्णीय पालकांनी चर्चच्या सभागृहांत आणि घरांच्या बैठकीच्या खोल्यांत शनिवारच्या शाळा चालवल्या. आजीही अशाच एका शाळेत मदतीला जात असे. ती म्हणाली, "मला कोणी नेता म्हटले नाही. माझ्याकडे सभागृहाची किल्ली होती. मी गेले नाही, तर चाळीस मुले पावसात उभी राहत."

उपक्रमाच्या समन्वयकांसमोर मी तीन मागण्या ठेवल्या. सहा महिने मुलाला कोणत्याही व्यासपीठावर बसवायचे नाही. किमान एक वर्षाचा शब्द देणारा एकच मार्गदर्शक नेमायचा. आणि ज्याच्या असण्या-नसण्याने खरोखर फरक पडेल, असे एक काम त्याच्याकडे सोपवायचे. समन्वयक प्रथम नाराज झाले, कारण देणगीदारांना दाखवायला तोच मुलगा होता. त्यांची अडचण खोटी नव्हती, पण तिचा भार मुलाने वाहावा हे मला मान्य नव्हते. अखेर एक निवृत्त बसचालक मार्गदर्शक म्हणून मिळाले, आणि ते मदत करत असलेल्या शनिवारच्या अभ्यासवर्गाची किल्ली मुलाकडे आली. साडेनऊला दार उघडायचे, टेबले लावायची आणि लहान मुलांची गणिताची वही तपासायची, एवढेच काम. पहिल्या महिन्यात तो दोनदा उशिरा पोहोचला. मार्गदर्शकांनी उपदेश केला नाही. ते मुलांबरोबर बाहेर थंडीत उभे राहिले, आणि तो आल्यावर टेबले लावू लागले.

पाच महिन्यांनी आईचा पुन्हा फोन आला. "शनिवारी तो गजराआधी उठतो, पण भाषणे करत नाही. म्हणजे त्याने नेतृत्व सोडले असे समजायचे का?" मी तिला त्याच आठवड्यात मला कळलेली गोष्ट सांगितली. सभागृह उबदार ठेवणारी यंत्रणा बंद पडल्यावर त्याने स्वतःहून पालकांच्या सह्या गोळा केल्या आणि चर्चच्या समितीसमोर जाऊन, गळ्यात कोणतेही ओळखपत्र नसताना, चार मिनिटे बोलून ती दुरुस्त करून घेतली. घरी त्याने याचा उल्लेखही केला नव्हता.

आमच्या शेवटच्या भेटीत त्याने स्वतःविषयी फारसे काही विचारले नाही. विद्यापीठात गेल्यावर किल्ली कोणाकडे द्यावी, हा त्याचा प्रश्न होता. त्याच्या मनात वर्गातील एक 14 वर्षांची मुलगी होती. ती फार बोलत नाही, पण वेळेवर येते, असे तो म्हणाला. पहिले काही शनिवार आपण तिच्याबरोबर दाराशी उभे राहावे की तिला एकटीलाच उघडू द्यावे, हे त्याला माझ्याकडून जाणून घ्यायचे होते.