अपंगत्व लाभाचा अर्ज: हुद्दा नको, काम लिहा

प्रश्न: माझे दीर अमेरिकेत एका छोट्या दुकानाचे मॅनेजर होते. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांनी सोशल सिक्युरिटीच्या अपंगत्व लाभासाठी अर्ज केला. ‘तुमचं पूर्वीचं काम सर्वसाधारणपणे जसं केलं जातं तसं तुम्हाला जमेल’, असं कळवून तो फेटाळला. ते तर रोज पन्नास पौंडांची खोकी उचलत होते. मग असं कसं झालं?

कामाची माहिती देणाऱ्या फॉर्म 3369 वर त्यांनी नेमकं काय लिहिलं, ते आधी पाहा. नुसतं ‘स्टोअर मॅनेजर’ असेल, तर घोळ तिथेच आहे.

हा निर्णय पाच पायऱ्यांनी होतो आणि दिरांचा अर्ज चौथ्या पायरीवर अडला. तिथे पूर्वीचं काम दोन प्रकारे पाहतात: त्यांनी प्रत्यक्ष केलं तसं, आणि देशभर साधारणपणे केलं जातं तसं. यांपैकी एका प्रकारे जरी जमण्यासारखं ठरलं, तरी अर्ज नामंजूर. ‘साधारणपणे’ म्हणजे काय, हे कामगार खात्याच्या जुन्या व्यवसायकोशातून ठरतं. त्यात किरकोळ दुकानाचा मॅनेजर, क्रमांक 185.167-046, हे ‘हलकं’ काम आहे: कमाल 20 पौंड, वारंवार 10 पौंड. पन्नास पौंडांची खोकी या नोंदीत बसतच नाहीत.

पण शेल्फ भरणं, माल उतरवणं हा त्यांच्या कामाचा मोठा भाग असेल, तर ते दोन व्यवसायांचं मिश्र काम ठरू शकतं. दुकानातल्या स्टॉक क्लार्कची नोंद, 299.367-014, ‘जड’ कामाची आहे. अशा मिश्र कामाशी जुळणारी एक नोंद कोशात नसते, त्यामुळे चौथ्या पायरीवर ते फक्त प्रत्यक्ष केलं तसंच तपासावं लागतं. माझ्या मते फेरविचारात सगळा भर इथेच द्यावा.

त्यासाठी प्रत्येक कामापुढे तास लिहा: गल्ला किती, माल किती, हिशेब किती. सर्वांत जड वजन वेगळं आणि वारंवार उचललेलं वेगळं. इथे शब्दांना मोजमाप आहे. ‘कधीकधी’ म्हणजे दिवसाच्या एक तृतीयांशापर्यंत, ‘वारंवार’ म्हणजे एक ते दोन तृतीयांश. आठ तासांच्या पाळीत उभं राहणं, चालणं आणि बसणं यांची बेरीज चौदा तास होत असेल, तर सगळ्याच माहितीवरचा विश्वास उडतो. ही चूक फार दिसते. शक्य असल्यास जुन्या मालकाचं किंवा सहकाऱ्याचं पत्र जोडा.

जून 2024 पासून मागच्या 15 ऐवजी 5 वर्षांचंच काम धरतात, आणि 30 दिवसांच्या आत सुरू होऊन संपलेलं काम धरत नाहीत. फेरविचाराची मुदत पत्र मिळाल्यापासून 60 दिवस. पत्र त्यावरच्या तारखेनंतर पाच दिवसांनी मिळालं असं मानतात.

प्रश्न: हा कोश इतका जुना का? नवी माहिती कोणी गोळा करत नाही का?

कोश पहिल्यांदा 1939 मध्ये निघाला, चौथी आवृत्ती 1977 मध्ये आणि शेवटची सुधारणा 1991 मध्ये. त्यानंतर कामगार खात्याने ओ-नेट हा व्यवसायांच्या माहितीचा ऑनलाइन संच आणला. पण तो करिअर निवडणाऱ्यांसाठी आहे. कोशातले बारा हजारांहून अधिक व्यवसाय तिथे हजाराच्या आसपास गटांत गोळा झाले. किती पौंड, किती वेळ, हे लाभाच्या निर्णयाला हवं तसं त्यातून निघत नाही.

म्हणून सोशल सिक्युरिटीने 2012 मध्ये कामगार सांख्यिकी विभागाशी करार केला. विभागाचे लोक मालकांकडून नोकऱ्यांच्या गरजा विचारून घेतात. कोशात नसलेल्या दोन गोष्टी त्यांत आहेत आणि त्या अर्जदाराच्या फार उपयोगाच्या आहेत: बसून की उभं राहून काम करायचं हे स्वतः ठरवता येतं का, आणि हात डोक्याच्या वर न्यावा लागतो का. शिवाय कोश एका व्यवसायाला वजनाची एकच पातळी देतो, तर हे सर्वेक्षण किती टक्के कामगारांना कोणती पातळी लागते ते सांगतं. त्याच व्यवसायातलं एक काम बैठं आणि दुसरं जड असतं, हे वास्तव त्यात दिसतं.

प्रश्न: सुनावणीत व्यवसायतज्ज्ञांनी ‘अशा इतक्या हजार नोकऱ्या आहेत’ असं सांगितलं, तर आकडा कुठून आला हे विचारता येतं का?

जरूर विचारा, तेही सुनावणीतच. पाचव्या पायरीवर अर्जदाराला जमतील अशी दुसरी कामं पुरेशी आहेत का ते पाहतात, आणि हा आकडा त्यासाठीच असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये बिएस्टेक खटल्यात म्हटलं, की तज्ज्ञांनी मागची आकडेवारी दिली नाही, एवढ्यावरून त्यांची साक्ष आपोआप अपुरी ठरत नाही. म्हणून उलटतपासणी महत्त्वाची. जानेवारी 2025 पासूनच्या नियमाप्रमाणे तज्ज्ञांनी माहितीचा स्रोत आणि आकडा काढण्याची साधारण पद्धत सांगणं अपेक्षित आहे. व्यवसायाचा नऊ अंकी क्रमांकही लिहून घ्या. जून 2024 मध्ये 114 व्यवसायांची यादी निघाली. त्यांच्या आधारे अर्ज नामंजूर करायचा नाही. आणखी 13 व्यवसायांसाठी जादा पुरावा लागतो. हातानं पाकिटांवर पत्ते लिहिण्याचं काम त्या 13 मध्ये आहे.