देवदूतांना फसवणारं कोणीच नव्हतं, मग ते पडले कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्वर्गात ना भूक, ना वासना, ना मोह घालणारा कोणी, मग काही देवदूत देवाविरुद्ध बंड करून सैतान कसे झाले? इच्छास्वातंत्र्य दिल्यामुळे झाले असतील, तर दोष देणाऱ्याचाच नाही का? आणि माणसाला क्षमा आहे, ती त्यांना का नाही?

मी बेळगावची, कॅथलिक. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर मुलांना धर्मशिक्षण देते. वर्गात कोणाच्या घरी कोकणी, कोणाच्या घरी मराठी, आणि शाळेत सगळ्यांना कन्नड. त्यातल्याच एका मुलानं मला इथल्या बोलीत विचारलं होतं, "टीचर, हव्वेला सापानं फसवलं, मग सापाला कोण फसवलं?" तो साप म्हणजे सैतानच, म्हणून तुमचा प्रश्न हाच आहे. ख्रिस्ती परंपरेचं उत्तर आहे: कोणीही नाही.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, याबद्दल फार थोडं आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पाप केलेल्या देवदूतांचा उल्लेख येतो, यहूदाच्या पत्रात आपलं स्थान सोडलेल्यांचा, आणि प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात देवदूत मिखाएल आणि अजगराचं, म्हणजे सैतानाचं, युद्ध. यशयाच्या चौदाव्या अध्यायातला आकाशातून पडलेला तारा मुळात बाबेलच्या राजाला उद्देशून आहे, तो सैतानाला लावला गेला नंतरच्या परंपरेत. आपल्या मराठीला मात्र ही कथा जुनीच आहे. शेजारच्या गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात ती ओव्यांमधून सांगितली आहे.

आता तुमच्या प्रश्नातलं एक गृहीतक आधी बाजूला काढते. पडले ते देवदूत देवाला समोरासमोर पाहत होते, असं चर्च मानत नाही. तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी हे नीट मांडलं: देवदूत कृपेत निर्माण झाले, पण देवदर्शनाचं पूर्ण सुख त्यांना अजून मिळायचं होतं. ते स्वीकारायचं की नाही, एवढी निवड त्यांच्यापुढे होती. चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेनं १२१५ मध्ये स्पष्ट म्हटलं की सैतान आणि इतर दुष्टात्मे देवानं चांगलेच घडवले, ते दुष्ट झाले ते स्वतःहून.

पण चांगला घडवलेला जीव वाईट इच्छा करेलच कशी? इथं मला अॅन्सेल्म यांच्याइतकं कोणी पटलेलं नाही. अकराव्या शतकातले हे मठवासी, पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. सैतानाच्या पतनावर त्यांनी गुरू-शिष्याचा एक संवाद लिहिला. समजा देवानं देवदूताला फक्त सुखाची इच्छा दिली असती. तो सुखाकडेच धावला असता, त्याला पर्यायच नसता, म्हणून त्याला ना दोष देता आला असता ना श्रेय. फक्त योग्य तेच हवंसं वाटेल अशी इच्छा दिली असती, तरी तेच. म्हणून दोन्ही दिल्या, सुखाची ओढ आणि न्यायाची ओढ. सैतानानं जे मागितलं ते मुळात वाईट नव्हतं. तो टिकून राहिला असता तर ते त्याला मिळणारच होतं. देवाच्या हातून न घेता, आपल्या मर्जीनं, आपल्या वेळी ते मिळवायला तो गेला, हे त्याचं पाप. मला यातली ही गोष्ट फार भिडते: वाईटाचं वेगळं बी कुठं पेरलेलं नव्हतं, चांगल्याच गोष्टीवर चुकीचा हक्क सांगितला गेला.

शिष्य शेवटी विचारतो, पण त्यानं अशी इच्छा केली तरी का? गुरू सांगतात, केली म्हणून केली, त्यामागं दुसरं कारण नाही. काहींना ही पळवाट वाटते. मला नाही वाटत. इच्छेमागं तिला ढकलणारं आणखी कारण सापडलं, तर पाप त्या कारणाचं झालं, देवदूत सुटला. अॅन्सेल्म यांच्या आधी सहा-सातशे वर्षं संत ऑगस्टीन हेच म्हणत होते, की दुष्ट इच्छेचं कारण शोधणं म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहायला निघणं. देवाला हे आधी ठाऊक होतं, हे खरं. पण ठाऊक असणं म्हणजे घडवणं नव्हे.

क्षमेचं सगळ्यात अवघड आहे. आमच्याकडे खानापूरच्या बाजूला शेताच्या बांधावरून बोलणं टाकलेले भाऊ म्हातारपणी पुन्हा एकमेकांच्या घरी जेवायला बसलेले मी पाहिलेत. माणसाला उशिरा कळतं, राग निवतो, शरीर थकतं, म्हणून तो वळू शकतो. देवदूताला शरीर नाही, त्याला हळूहळू कळत नाही. तो निवड करतो ती सगळं उमजून, एकदाच. दमास्कसचे योहान या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडितांनी म्हटलंय की माणसाला जसा मृत्यू, तसं देवदूताला पतन, त्यानंतर पश्चात्ताप नाही. म्हणजे देवाची दया कमी पडली असं नाही, त्यांची निवडच न फिरणारी आहे. तिसऱ्या शतकातले ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन यांच्या विचारात सगळेच जीव शेवटी देवाकडे परततील अशी आशा होती. चर्चनं ती शिकवण सहाव्या शतकात नाकारली. ती आशा मला समजते, पण इच्छा खरी मानायची तर तिचा नकारही खरा मानावा लागतो, म्हणून मी चर्चच्या बाजूनं आहे.

आम्हाला मात्र दर वर्षी पुन्हा विचारतात. ईस्टरच्या रात्री सगळ्यांच्या हातात कागदाच्या वाटीतून वर काढलेली मेणबत्ती असते, मेण बोटांवर उतरत असतं, आणि फादर विचारतात, सैतानाचा धिक्कार करता का? लहान-मोठे सगळे एका आवाजात म्हणतात, करतो. कारण आमचं मन अजून ठरायचंय.

पुढं तुम्ही विचारालच, म्हणून सांगून ठेवते: स्वर्गात पोचलेला माणूस पुन्हा पडू शकत नाही. त्याचं स्वातंत्र्य काढून घेतलेलं नसतं. जे चांगलं ते त्याला समोर दिसतं, म्हणून त्याला दुसरं काही हवंसंच वाटत नाही. जे देवदूत टिकले त्यांचंही तसंच आहे.