मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षा हलके असूनही गाडीचे इंजिन त्याचे का बनवत नाहीत?

इंजिनात मॅग्नेशियम वापरले गेले आहे, पण सबंध इंजिन त्याचे करता येत नाही, कारण सततची उष्णता आणि गंज या दोन्हींपुढे हा धातू कमी पडतो. त्याची घनता १.७४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, तर ॲल्युमिनियमची २.७; मात्र मॅग्नेशियमचा एझेड९१ हा नेहमीचा मिश्रधातू साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे भाराखाली हळूहळू आकार सोडतो, आणि ओलाव्यात पोलादाला टेकला की आधी तोच गंजतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलचे क्रँककेस (इंजिनाच्या क्रँकशाफ्टभोवतीचे कवच) मॅग्नेशियमचे होते, पण ते इंजिन हवेने थंड होई, त्यामुळे पाण्याचा प्रश्नच नव्हता. बीएमडब्ल्यूने २००४ च्या एन५२ इंजिनात सिलिंडर आणि कूलंटचे मार्ग ॲल्युमिनियमच्या गाभ्यात ठेवून त्याभोवती मॅग्नेशियम ओतले, आणि बोल्टही पोलादी न वापरता ॲल्युमिनियमचे घातले, जे एकदा उघडले की फेकून नवे लावावे लागतात. अर्थात ही अडचण इंजिनापुरती आहे. स्टिअरिंग व्हीलचा सांगाडा किंवा डॅशबोर्डमागचा आडवा बीम अशा कोरड्या, थंड जागी एएम६० सारखे मिश्रधातू सर्रास वापरले जातात.