पीक कर्जातून होक्काइडो नको

तुमचा प्रश्न असा: दिंडोरीला चार एकर द्राक्षबाग, राहणं नाशकात. गुलमर्गला दोनदा जाऊन स्कीइंग शिकलात. आता डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जपानच्या होक्काइडोला ताज्या भुसभुशीत बर्फात स्की टूरिंग, म्हणजे स्की लावूनच डोंगर चढून आखलेल्या उतारांबाहेर घसरत उतरणं, करायचंय. खर्च साडेचार लाख. दोन लाख गाठीशी आहेत, उरलेले पीक कर्जातून काढू का?

नका काढू. 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर व्याज 4 टक्क्यांवर येतं, म्हणून मोह होतो. पण ते बागेसाठी मिळतं आणि फिटणारही बागेच्याच पैशातून. ऑक्टोबर छाटणीनंतर डिसेंबर म्हणजे थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), मजुरी. त्यात अवकाळी आला की डाऊनी या बुरशीरोगाच्या फवारण्यांना रोख लागते. मी बागायतदाराच्याच घरातला. रात्री दोनला पत्र्यावर पाऊस वाजला की वडील उठून बसायचे, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

शिवाय तो पंधरवडा बर्फासाठीही कच्चा. सायबेरियाचा गार वारा जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतो आणि होक्काइडोवर बर्फ ओततो, पण थर चढायला वेळ लागतो. भरवशाची पावडर, म्हणजे तो भुसभुशीत बर्फ, जानेवारी-फेब्रुवारीत. डिसेंबरच्या सुरुवातीला रानातला सासा नावाचा बुटका बांबू अनेकदा पुरता झाकलेला नसतो; त्यात स्की अडकली तर गुडघा जाऊ शकतो.

जानेवारी-फेब्रुवारीत तुमची काढणी. म्हणून मी दक्षिणेकडे बघेन. न्यूझीलंडला क्वीन्सटाऊनच्या आसपास हंगाम जूनमध्ये उघडतो आणि ऑगस्टमध्ये ऐन भरात असतो. तोवर द्राक्षाचे पैसे आलेले, एप्रिलची खरड छाटणीही उरकलेली. बर्फ होक्काइडोइतका कोरडा मिळेलच असं नाही, पण कर्जाविना जाता येईल.

दोन लाख तोवर लिक्विड फंडात, म्हणजे हवे तेव्हा पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात ठेवा. स्की, बूट भाड्याने घ्या. हिमस्खलनाचं प्रशिक्षण आणि स्थानिक गाईड यांत मात्र काटकसर नको. टूर पॅकेजवर कापलेला टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर) आयकर रिटर्न भरताना परत मागता येतो. विम्याची पॉलिसी शब्दन् शब्द वाचा: साध्या प्रवास विम्यात आखलेल्या उतारांबाहेरचं स्कीइंग बहुधा धरत नाहीत, आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने खाली आणायचं बिल तुमच्या माथी पडतं. व्यापाऱ्याचा शेवटचा चेक वटला की मगच तिकीट काढा.