टाकी दुधाळ झाली? आधी वास घ्या

घाबरू नका. खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या बबल टिप अ‍ॅनिमोनने (दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) पांढरं काहीतरी सोडलं, पाणी दुधाळ झालं, तो मेला का, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या वर्णनावरून तो मेलेला वाटत नाही, त्याने बीज सोडलंय. बबल टिपमध्ये नर-मादी वेगळे असतात. नर धुरासारखा पांढरा लोट सोडतो, मादी बारीक अंडी. दोन्ही तोंडातूनच, कारण त्याला दुसरी वाटच नाही.

माझ्याकडे पहिल्यांदा असं झालं तेव्हा रात्री अकराला मी त्याला दगडावरून ओढून काढलं. तळ फाटला, धडधाकट जीव हकनाक गेला. म्हणून आज एवढंच करा:

- पाण्याचा वास घ्या. मेलेला अ‍ॅनिमोन सडक्या मासळीसारखा घाण मारतो, विरघळून सुटायला लागतो. तसं नसेल तर त्याला हात लावू नका.
- खरी भीती ऑक्सिजन कमी पडण्याची. पॉवरहेडचं (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाचं) तोंड वर वळवा, पृष्ठभाग खळखळू द्या, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) असेल तर सोडा. मासे वर येऊन धापा टाकत असतील तर हे सगळ्यात आधी.
- स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) उतू जाईल, तरी बंद करू नका. कप रिकामा करत राहा. ताजा कार्बन (पाणी स्वच्छ करणारा कोळसा) टाका.
- 20-25 टक्के पाणी बदला. नवशिके इथेच चुकतात: घाईत मीठ ढवळून लगेच ओततात. खारटपणा आणि तापमान टाकीएवढंच हवं.

आज खाणं नको. दोन-तीन दिवस अमोनिया तपासा. क्लाउनफिश (अ‍ॅनिमोनमध्ये राहणारे मासे) त्याची अंडी खात असतील तर खुशाल खाऊ द्या; पिल्लं वाढवण्याचं नंतर कधीतरी बोलू.